पहिलं काळीज

५ फेब्रुवारी, बुधवार

माझं सगळं फिरलं ते आज दुपारी सव्वा वाजता, वाचनालयाच्या ओट्यावर, आणि फिरवायला पाच शब्द पुरले. "आमच्याकडं कामाला एक बाई आहेत."

नीट लिहितो, म्हणजे नंतर मलाच खोटं वाटायला नको.

मायनं सकाळी गावाहून, पिंगळीहून, इथं परभणीला दुधवाल्याच्या हाती डबा धाडला होता. वजडी होती. बोकडाचं पोट न् आतडं, चुन्याच्या पाण्यात घासून, खरवडून, येसराचा भाजका मसाला लावून केलेली. आमच्या घरी मटण म्हणजे तेच. मार्तंडदादाच्या झेरॉक्सच्या दुकानातून जेवायच्या सुट्टीत मी समोर वाचनालयाच्या ओट्यावर बसतो, तसा बसलो. डबा उघडला आणि स्वरदा पायऱ्या उतरून आली. मी झाकण लावायला गेलो. वासाची लाज वाटली, खोटं कशाला बोलू. तिनं माझ्या हातातून झाकण काढून घेतलं.

"काय आहे?"

"तुझ्या कामाचं न्हाई."

हे वाचनालय चालवणाऱ्या श्रीराम सरांची मुलगी ती, माझ्या कॉलेजातली. त्यांच्या घरात चातुर्मासात लसूणसुद्धा येत नाही. तिनं बोट बुडवून रस्सा चाखला. मग माझी भाकरी मोडली. मग नुसती खात बसली. केसाची एक बट रश्श्यात जायला लागली तर ती तिनं मनगटानं मागं सारली. मी बघत बसलो. तिला सहा महिन्यांनी कुणी विचारलं की हरिओम त्या दिवशी जेवला का, तर तिला सांगता येणार नाही. मी जेवलोच नव्हतो.

"कुणी केलंय हे?" तिनं बोटं चाटत विचारलं.

आणि मी ते बोललो.

का बोललो ते मला माहीत आहे. फर्स्ट इयरला गॅदरिंगच्या वेळी मी तिला सांगून ठेवलंय, आमची चाळीस एकर बागायत आहे, घरात गडी-बाया आहेत. आमची अडीच एकर कोरडवाहू आहे आणि गडी, बाई, मुकादम सगळं माय एकटीच आहे. चाळीस एकरवाल्याची आई आतडी कशी साफ करील? एवढा हिशोब तोंडानं माझ्याआधी केला.

"त्या बाईंच्या हाताला सोनं लागलंय," स्वरदा म्हणाली.

मला आनंद झाला. तोच लिहायला लाज वाटायलीय.


६ फेब्रुवारी, गुरुवार

स्वरदा दुकानात आली, प्रोजेक्टची चाळीस पानं काढायला. तिच्या पानांतली एखादी प्रत मी मुद्दाम वाकडी काढतो. बिघडलेली प्रत दुकानात राहते. तिनं वही धरलेली असते तेव्हा अंगठ्याची सावली कागदावर येते. अशा नऊ सावल्या माझ्याकडं आहेत. ही वही कुणाच्या हाती लागली तर मी विहीर जवळ करीन.

"हरिओम, सोळा तारखेला वसमत रोडच्या मैदानावर जुन्या चवींची जत्रा आहे. बाबांच्या वाचनालयाची मंडळी भरवतायत. तू एक स्टॉल घे."

"मी?"

"तू नाही रे. त्या बाई. नाव काय त्यांचं?"

"धुरपताबाई." रेशनकार्डावरचं वाचावं तसं मायचं नाव निघालं.

"त्यांनी लोकांसमोर चूल मांडायची. वजडी, मुंडी, रक्ती, सगळं. आता कुणी करतंय का हे? हॉटेलात गेलं की पनीर नाहीतर चिकन हंडी. मी त्यांचा व्हिडिओ करणार."

मार्तंडदादा मशीनच्या मागून म्हणाला, "रक्ती खाणारी मास्तराची पोरगी मी पहिल्यांदाच बघायलोय."

"घरी सांगू नका हं, दादा."

"मी कशाला सांगू? माझ्या दुकानात झेरॉक्स निघती, चहाडी न्हाई."

ती गेल्यावर तो बराच वेळ कागदाचे गठ्ठे बसवत राहिला. तो वालूरचा. मागच्या दिवाळीत पिंगळीला आमच्या घरी जेवून गेलाय. मायनं त्याला दोनदा धपाटं वाढलं होतं.

"हऱ्या, तुमच्या घरी बाई कवा ठिवली?"

"दादा, गप बस."

"मी गपच हाय."

मी शटरला लाथ घातली आणि चहाला गेलो. माझं असंच आहे. सप्टेंबरात विभागप्रमुख हजेरीवरून दोन शब्द बोलले तर मी त्यांच्यासमोर ओळखपत्र फाडलं आणि दार असं आपटलं की वरची काच तडकली. सेकंड इयर तिथंच संपलं. दार आपटताना मला नेहमी वाटतं की मी जिंकलो.


८ फेब्रुवारी, शनिवार. पिंगळी

एकादशी. अण्णांचा उपवास. अण्णांच्या गळ्यात माळ आहे, मी पाचवीत होतो तेव्हापासून. तेव्हा त्यांनी मायला सांगितलं होतं, तू खा, पोराला घाल, माझी हरकत न्हाई, फक्त घरातल्या चुलीवर नगं. म्हणून वजडीची चूल मागं लिंबाखाली, तीन दगडांची. तिचं भगुनं वेगळं, ते कुंपणाच्या काठीवर पालथं असतं. माळ घातल्यापासून अण्णांनी दोन गोष्टी सोडल्या, मटण आणि खोटं. बाजारात वांगी विकायला बसले तर गिऱ्हाईकाला स्वतःच सांगतात, ह्यातलं एक किडकं हाय.

मी मायला जत्रेचं सांगितलं. ती ज्वारी निवडत होती.

"एवढ्या लोकांत? मला न्हाई जमायचं."

"जमतंय. लोकांना तुझी वजडी आवडली."

"कुनाला आवडली?"

"हायत एक. कॉलेजातल्या."

ती खाली बघून हसली. मग मी मुद्द्यावर आलो. म्हणलो, स्टॉलवर धंद्याची रीत असते, तिथं माय न् लेक असं काही नसतं. मी तुला धुरपताबाई म्हणीन. तू मला हरी म्हणू नको.

मायचा हात सुपात थांबला. "मग काय म्हनू?"

"काही म्हणू नको. कामाशी काम."

"मी कोन म्हनून यायचं, तेवढं सांग. मंजी माझ्याकडून चुकायला नगं."

"कोण म्हणून काय? स्वयंपाकाला."

"बरं," ती म्हणाली आणि परत निवडायला लागली.

तिला काही कळलं नाही. मला हायसं वाटलं. अण्णा ओसरीवर टाळाला दोरी ओवत बसले होते, त्यांनी ऐकलं का नाही कुणास ठाऊक. निघताना मी दार ओढलं तर आतून मायचं नेहमीचं आलं, "हरी, दार हळू लाव, चुलीतली राख उडती." मी कधीच हळू लावत नाही. आजही नाही लावलं.


११ फेब्रुवारी, मंगळवार

स्वरदानं सांगितलंय, स्टॉलच्या फलकासाठी चार ओळी लिहून दे, तुमच्या घरच्या परंपरेच्या. मी लिहून दिलं: "चाळीस एकर शिवारात राबणाऱ्या गड्यांसाठी आमच्या घरी मोठ्या भगुन्यात शिजणारी ही चव." ती म्हणाली, किती छान लिहितोस.

खरं ते इथं लिहितो.

आमच्याकडं दहा घरं मिळून एक बोकड घ्यायची. मुलाणी बोकड पाडायचा, आणि पळसाच्या पानांवर दहा वाटे पडायचे. प्रत्येक वाट्यात सगळं थोडं थोडं, कुणाला डावं-उजवं नाही. आमचा वाटा कधीतरीच असायचा. पण माय दर वेळी तिथं असायची. वाटे पडले की वजडी, रक्त, खूर, मुंडी असं मागं राहायचं, ते साफ करायला कुणी बसत नसे. माय बसायची. दहा घरांची वजडी ती धुवायची आणि त्या बदल्यात मुंडी न् एक वाटी रक्त घरी आणायची. कोपरापर्यंत चुन्यानं हात पांढरे व्हायचे, आणि दोन दिवस कातडी सोलायची.

रक्ती तव्यावर कांदा घालून परतली की ती काळी, भुरभुरीत होते. भाकरीवर घेऊन मी पळत खायचो. मुंडीतला भेजा वार्षिक परीक्षेच्या आधी मला. त्यानं डोकं चालतं म्हणे. आणि काळीज मिळालंच तर त्याचा पहिला तुकडा विस्तवावर भाजून, राख फुंकून, मिठाचा खडा लावून, माय माझ्या तोंडात घालायची. हातात नाही, तोंडातच. घरच्या लेकराच्या तोंडात पहिलं काळीज गेल्याशिवाय भगुनं चुलीवर चढायचं नाही. ही तिच्या माहेरची रीत. मी दहावीला मिशा फुटलेला घोडा होतो तरी ती सोडायची नाही.

आठवीत एका पोरानं वर्गात माझ्या सदऱ्याचा वास घेतला आणि नाक धरलं. मी त्याचा दात पाडला. घरी येऊन मात्र मायला म्हणलो, तुझ्या हाताला वास येतोय, माझ्या सदऱ्याला हात लावत जाऊ नको. त्यानंतर ती माझे कपडे काठीनं दोरीवर टाकायची. मला वाटायचं दोरी उंच आहे म्हणून.

आता हे लिहिताना कळायलंय की दोरी उंच नव्हती.


१६ फेब्रुवारी, रविवार

आज काही लिहीत नाही.


१७ फेब्रुवारी, सोमवार

लिहिल्याशिवाय सुटका नाही असं दिसतंय.

काल माय सकाळीच दुधवाल्याच्या टेम्पोत भगुनं, परात, पाटा घेऊन आली. मला वाटलं होतं दिवाळीची हिरवी साडी नेसून येईल. आली ती खुरपणीची, पाचशे वेळा धुतलेली, पदराला गाठ मारलेली. मी म्हणलो, हिरवी का नाही नेसलीस? ती म्हणाली, "कामाला आलेय न्हवं?" मला बरंच वाटलं. चित्र जुळलं असं वाटलं.

तिनं दोन चुली मांडल्या. एक वजडी न् मुंडीची, दुसरी लांब, माळकऱ्यांसाठी, तिच्यावर ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी. त्या चुलीला हात लावताना ती दर वेळी हात धुवायची. दहाच्या आत रांग लागली. आणि माय बोलायला लागली. मला माहीतच नव्हतं ती अशी बोलते.

एक साहेब म्हणाले, "बाई, ह्यात तेल किती घातलंय?"

"घातलंच न्हाई साहेब. बोकडानं स्वतःचं आणलंय."

एक बाई नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या. माय म्हणाली, "ताई, रुमाल काढा न् दुरूनच वास घ्या. वासाचं काही घेत न्हाईत आमचे मालक." त्या बाईंनी दोन ताटं खाल्ली.

आमचे मालक. मी ते ऐकलं. मी तिला काही म्हणू नको म्हणालो होतो. तिनं माझ्यासाठी शब्द शोधून आणला होता. "मालक, मीठ बघता का?" "मालक, जरा सरका, ठिणगी उडंल." आवाजात कुठं टोचणी नाही, काही नाही. गावातली बाई मालकाशी बोलते तसं, अर्धी मान खाली. मी काउंटरवर इस्त्रीचा शर्ट घालून उभा. मार्तंडदादा एक ताट घेऊन गेला, मायच्या पाया पडायला वाकला तर तिनं डोळ्यानंच त्याला थांबवलं.

स्वरदा चुलीजवळ मोबाईल धरून बसली होती. "मावशी, हे काय घालताय? मावशी, हे कुणाकडून शिकलात?" मावशी, मावशी. माय खूष होती. खरंच खूष होती. मधूनच स्वरदाकडं बघायची न् मग माझ्याकडं.

बाराच्या सुमाराला मुलाण्याचा माणूस काळीज घेऊन आला. दुसरं भगुनं चढवायचं होतं. मायनं एक तुकडा विस्तवावर टाकला. चर्र आवाज झाला. ती उलथत होती, स्वरदाशी बोलत होती, रांगेतल्या कुणाला तरी उत्तर देत होती, आणि हात त्यांचं त्यांचं करत होते. राख फुंकली. मिठाचा खडा लावला. आणि उठून, वळून, तिनं तो तुकडा माझ्या तोंडापाशी धरला.

एवढ्या लोकांत. स्वरदाच्या मोबाईलसमोर.

मी तिच्या हाताला फटका मारला. "काय करायलीस? अक्कल हाय का न्हाई?"

तुकडा राखेत पडला. माय तशीच उभी राहिली, बोटं पुढं, त्यात काही नाही. मग तिनं हात पदराला पुसला.

"चुकलं, मालक," ती म्हणाली.

खाली बसून तिनं तो तुकडा उचलला, विस्तवात टाकला, आणि भगुनं चढवलं. स्वरदानं मोबाईल खाली ठेवला. मला वाटलं, बाईनं हातानं भरवलं ते तिला किळसवाणं वाटलं असेल. संध्याकाळपर्यंत ती आमच्या स्टॉलकडं फिरकली नाही.

पाच वाजता सत्कार. जुनी चव जपल्याबद्दल शाल न् नारळ. श्रीराम सरांनी माईकवर माझं नाव घेतलं. मी गेलो. सरांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, म्हणाले, "मी शाकाहारी माणूस, कण्या खाल्ल्या. माझी आजी करायची तशा. या तरुणानं आपल्या घराण्याची..." मी वरून बघितलं. माय लांब हौदापाशी भगुनं घासत होती. टाळ्या पडल्या तेव्हा तिनंही हात वर केले आणि राखेच्या हातांनी टाळ्या वाजवल्या.

स्टेशनवर जाताना ती माझ्या मागून दहा पावलं चालली. मी थांबलो की ती थांबायची. मी म्हणलो, आता कुणी नाही, चल की बरोबर. ती म्हणाली, "असू द्या. लोक हायत अजून." गाडीत मी तिच्या अंगावर शाल टाकली. तिनं काढून घडी घातली, पिशवीत वर ठेवली. "तुमची हाय. मळंल."

तुमची. पिंगळी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर काहीच नव्हतं.


१९ फेब्रुवारी, बुधवार

स्वरदा आली नाही. चौदा मेसेज केले. सगळे वाचलेत तिनं. पंधरावा असा केला: "एका बाईच्या चुकीची शिक्षा मला देऊ नको." पाठवल्यावर वाचला. पुसायला गेलो तोवर तोही वाचलेला.

मार्तंडदादाशी भांडण झालं. मी म्हणलो, मायनं ऐन वेळी घोळ घातला. त्यानं मशीन बंद केली.

"हऱ्या, घोळ कुनी घातला?"

मी त्याची कॉलर धरली. त्यानं हात पण वर केला नाही. म्हणाला, "मार. तुला तेवढंच येतंय. त्या दिवशी पन मारलंसच की." मी कॉलर सोडली. इतका वेळ मी त्याला फटका म्हणत होतो. इथं वहीतसुद्धा फटकाच लिहिलंय. मी माझ्या मायला मारलं.


२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दुकान उघडायच्या आधी स्वरदा शटरपाशी उभी होती.

"मी काल पिंगळीला जाऊन आले."

मी कुलपात किल्ली फिरवत राहिलो. कुलूप उघडलंच नाही.

"स्टेशनबाहेर विचारलं, धुरपताबाईंचं घर कुठं? एक आजोबा म्हणाले, हरीच्या मायचं का? मग सोबत एक पोरगी दिली. मला कळलं तर तेव्हाच होतं, हरिओम. खरं तर काळजाचा तुकडा तुझ्या तोंडापाशी आला तेव्हाच कळलं होतं. कामाची बाई असं कुणाच्या तोंडात घालते?"

ती बोलत होती, मी तिच्या चपलांकडं बघत होतो.

"घरात गेले. भिंतीवर तुझा दहावीचा फोटो, गळ्यात पास झाल्याचा हार. मी विचारलं, हा तुमचा मुलगा ना? तुझी आई म्हणाली, न्हाई बाई, मालकाचं लेकरू हाय. मी त्यांच्याकडं कामाला. फोटोखाली उभं राहून. मग मी तुझ्या वडिलांकडं बघितलं."

"अण्णा काय म्हणाले?"

"आधी त्यांनी तुझ्या आईकडं बघितलं. मग म्हणाले, व्हय, कामालाच हाय ती. आणि माळेवर हात ठेवून आत गेले."

अण्णा. किडकं वांगं दाखवून विकणारे अण्णा.

मी काहीतरी बोललो असेन, कारण ती म्हणाली, "मला समजावू नकोस. मी तरी कोणती मोठी? तुझ्या डब्यातली वजडी खाल्ली आणि घरी मुगाची खिचडी म्हणून सांगितलं. सोमवारी खरं सांगितलं बाबांना. तीन दिवस बोलले नाहीत. काल म्हणाले, त्या कण्या करणाऱ्या बाईंना आपण शाल द्यायला हवी होती, त्या कोण? मी म्हणाले, उद्या परवा हरिओम येऊन सांगेल." मग म्हणाली, "माझ्यासाठी येऊ नकोस. त्याचा काही उपयोग नाही आता."

तिनं व्हिडिओ पाठवलाय. अकरा सेकंदांचा. मी एकदाच बघितला. फटका मारण्याआधी, तुकडा तोंडापाशी येतो तेव्हा, माझं तोंड उघडलेलं आहे. सवयीनं. लहान पोरासारखं.


२३ फेब्रुवारी, रविवार. पिंगळी, सकाळी

काल संध्याकाळी आलो. माय अंगण झाडत होती. "तुमी कवा आलाव?" म्हणाली. अजून तुमीच.

अण्णा ओसरीवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. ताट झाकलेलं, तसंच. मी विचारलं, "उपास आहे का? एकादशी तर सोमवारी."

माय हळू बोलली, "कालपासून असंच. पानी घेत्यात तेवढं. म्हनले, ज्या तोंडानं खोटं बोललो त्या तोंडात आता काय घालू?"

मी अण्णांच्या पायाशी बसलो. म्हणलो, चूक माझी आहे, तुम्ही जेवा. अण्णा भिंतीकडूनच म्हणाले, "तुझं तुझ्यापाशी. माझं माझ्यापाशी." रागावले असते तर बरं झालं असतं. मला रागाचं उत्तर येतं.

आज उजाडताच मुलाण्याकडं गेलो आणि वजडी आणली. लिंबाखाली मायच्या समोर बसलो आणि म्हणलो, मला दाखव. ती म्हणाली, "राहू द्या, हाताला वास बसतो." मी चुना घेतला. कढत पाण्यातून काढून खरवडायचं असतं, काळं सगळं निघेपर्यंत. माझ्याच्यानं फाटायलं होतं. तिसऱ्यांदा फाटलं तेव्हा तिनं माझं मनगट धरून सुरीचा कोन बदलला, आणि सोडलं. एक तास लागला. हातांची आग व्हायलीय, पेन धरवत नाही.

मुलाण्यानं वर थोडं काळीज टाकलं होतं. मायनं ते भाजलं, राख फुंकली, मीठ लावलं, आणि ताटलीत ठेवून ताटली माझ्याकडं सरकवली. लांबून. तोंडात नाही. ते मी खाल्लं. दुसरा तुकडा मी भाजला, जरा करपला. तिच्या तोंडापाशी धरला. तिनं इकडं तिकडं बघितलं, कुणी बघतंय का म्हणून. मग तोंड उघडलं. चावताना तिनं पदर डोळ्यांवर ओढला. धूर होता, असं ती म्हणाली. चूल विझत आली होती.

मी म्हणलो, परभणीला जातो, सरांच्या घरी. तू चल, हिरवी साडी नेस. ती म्हणाली, "मी कशाला? मी तर सगळ्यांना ठाव हाय. तुलाच सांगायचं हाय ते."

तुला म्हणाली. ध्यानात आलं का तिच्या, माहीत नाही.

तिनं दोन डबे बांधलेत. कण्यांचा वेगळ्या फडक्यात, वजडीचा वेगळ्या. शाल मी पिशवीतून काढून फोटोखालच्या खुंटीवर टांगलीय. अण्णांचं ताट तिनं परत नवं वाढून झाकून ठेवलंय, मी आल्यावर उघडायचं म्हणून. ते जेवतील का, मला माहीत नाही. स्वरदा दार उघडून आत घेईल का, तेही नाही. सरांसमोर काय बोलायचं ते सकाळपासून जुळवतोय. सुरुवात, कारण, माफी, सगळं करून बघितलं. शेवटी पाच शब्द उरतात. ती बाई माझी माय आहे. एवढे बोलता आले तर पुढचं ते विचारतील, आणि मी सांगीन.

हात साबणानं धुतले नाहीत. असू दे वास.

वही फोटोमागं ठेवतो. अण्णांचा डोळा लागलाय बहुतेक. माय चुलीपुढं बसलीय आणि मी चपला घालताना न वळताच म्हणायलीय, "हरी, दार हळू लाव."

हळू लावतो.